गोष्टीतली चेटकीण आणि पाड्यावरची बाई

आमची पुस्तकपेटी दर गुरुवारी पाड्यावर जाते. पत्र्याची जुनी पेटी, आत साठ-सत्तर पुस्तकं. नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर मी काम करते. बचत गट, रेशनच्या तक्रारी, मारहाणीच्या केसेस ही माझी रोजची कामं. पुस्तकपेटी त्या मानाने हौसेची. आठवडाभराचा शीण त्या दोन तासांत उतरतो, असं मी सगळ्यांना सांगत असे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका गुरुवारी मी हॅन्सेल आणि ग्रेटेलची गोष्ट सांगायला घेतली. तुम्हा सगळ्यांना ती माहीत असेल. भाऊ-बहीण जंगलात हरवतात, त्यांना खाऊचं घर दिसतं, घरातली म्हातारी चेटकीण निघते. ती भावाला खायच्या तयारीत असते, आणि बहीण तिलाच भट्टीत ढकलते. मी अगदी रंगवून सांगितली. म्हातारीचा आवाज काढला, भट्टीचं दार धाडकन लावलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिसरीतला एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, आमच्याकडे पण एक आहे. नाल्यापलीकडे राहते."

शेजारच्या मुलाने त्याच्या तोंडावर हात ठेवला. कोणी हसलं नाही.

नाल्यापलीकडे एकच घर होतं. तिथे एक पन्नाशीची बाई राहायची. नवरा वारलेला, मूलबाळ नाही. दीड एकर जमीन, आणि सातबाऱ्यावर तिचं नाव. त्या उन्हाळ्यात पुतण्याचं तान्हं मूल तापाने गेलं होतं. भगताने दाणे टाकून पाहिले आणि बोट दाखवलं ते तिच्याकडे. तेव्हापासून पाड्यावर तिला 'डाकीण' म्हणू लागले होते. हे मला नंतर कळलं. चार वर्षं मी त्या पाड्यावर जात होते. बायकांच्या बैठका घेत होते. त्यांच्यापैकी एकीने मला ते सांगितलं नव्हतं. पोरांना मात्र सगळं ठाऊक होतं.

आणि त्याच पोरांना मी चेटकिणीला भट्टीत कसं ढकलायचं ते शिकवत होते!

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी पेटीतली एकूण एक जादूची पुस्तकं मी बाहेर काढली. चेटकिणी, राक्षसिणी, हडळी, जादूची अंगठी, उडता गालिचा... सगळं. उरली ती पाण्याचं महत्त्व, थोरांची चरित्रं आणि झाडं लावा.

आमच्या मासिक बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा बरीच वादावादी झाली. आमच्यातल्या एक ज्येष्ठ ताई अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत अनेक वर्षं काम केलेल्या. त्या म्हणाल्या, "बरं केलंस. ज्या मुलांना भगताच्या तावडीतून सोडवायचं, त्यांना जादूच्या गोष्टी कशाला सांगायच्या? वैज्ञानिक दृष्टिकोन एका हाताने द्यायचा आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचा?" मला त्यांचं म्हणणं पटलं. आपल्यापैकी बऱ्याच जणींना ते पटेल. म्हणूनच हा लेख लिहायला बसले आहे, कारण आज मला ते पटत नाही.

माझं मत बदललं ते एका मुलीमुळे. ती सातवीतली. पेटीची किल्ली तिच्याकडे असते. तिसऱ्या गुरुवारी तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, ते पुस्तक का नेलं?" मी तिला समजावून सांगितलं. अगदी शिबिरात सांगतात तसं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण त्यात मुलगी जंगलात जाते आणि परत येते. दुसऱ्या पुस्तकात मुली कुठे जातच नाहीत."

मी पेटी उघडून पाहिली. तिचं खरं होतं. मी निवडून ठेवलेल्या त्या 'चांगल्या' पुस्तकांत मुली पाणी भरत होत्या, आईला मदत करत होत्या, धाकट्या भावाला सांभाळत होत्या, फार तर शाळेत पहिला नंबर मिळवत होत्या. घराच्या उंबऱ्याबाहेर, एकटी, धोका पत्करून, स्वतःच्या अकलेवर सुटून आलेली मुलगी होती ती फक्त मी काढून टाकलेल्या गोष्टींत. त्या मुलीला चेटकीण दिसलीच नव्हती. तिला ग्रेटेल दिसली होती. तिच्या घरी त्या वर्षी शाळा सोडण्याची बोलणी चालू होती, हेही मला मागाहून कळलं.

म्हणजे एकाच गोष्टीत एका मुलाने नाल्यापलीकडची बाई पाहिली आणि एका मुलीने जंगलातून परतायची वाट. गोष्ट काढून घेतली की दोन्ही जातात. ठेवली की दोन्ही राहतात. मग करायचं काय?

मी या गोष्टींच्या मागे लागले. मुळात त्या आल्या कुठून ते पाहू लागले. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या पहिल्या आवृत्तीत हॅन्सेल-ग्रेटेलला जंगलात सोडून यायला सांगणारी बाई त्यांची सख्खी आई आहे. घरात अन्न नाही, म्हणून. पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र आई झाली. सख्खी आई असं करील हे लोकांना सोसवणार नाही, म्हणून दोष उचलून सावत्र आईच्या पदरात घातला! बाप तेव्हाही होता. मुलांना जंगलात नेण्यात तोही सामील होता. पण शेवटी मुलं त्याच्याच गळ्यात पडतात. उपासमारीचा दोष कोणावर जातो ते बघा. एक सावत्र आई आणि एक एकटी राहणारी म्हातारी. दोघी मरतात आणि घर सुखी होतं.

मग वाचनात आला 'ओझचा जादूगार'. अमेरिकेतल्या एल. फ्रँक बॉम या लेखकाचं हे पुस्तक १९०० साली निघालं. सिनेमामुळे आपल्यापैकी काही जणींना ते माहीत असेल. कॅन्सासमधली डोरोथी नावाची मुलगी वावटळीत घरासकट उडून ओझ नावाच्या देशात जाऊन पडते, अशी गोष्ट. तिथे तिला पहिल्यांदा भेटते ती एक छोटीशी म्हातारी, आणि ती सांगते की मी चेटकीण आहे, पण चांगली. डोरोथी चक्रावते. चेटकिणी सगळ्या वाईटच असतात असं तिने ऐकलेलं. म्हातारी तिला सांगते की या देशात चार होत्या, दोन चांगल्या नि दोन वाईट.

चांगली चेटकीण! ही कल्पना या माणसाला कुठून सुचली असेल? त्याच्या घरातच एक बाई होती. त्याची सासू, मॅटिल्डा जोसलिन गेज. जन्म १८२६, मृत्यू १८९८. अमेरिकेत बायकांच्या मताधिकाराची चळवळ ज्यांनी उभी केली त्या सुसान अँथनी आणि एलिझाबेथ स्टँटन यांची ही सहकारी. त्या चळवळीच्या इतिहासाचे पहिले तीन खंड तिघींनी मिळून संपादित केले. १८९३ साली गेजबाईंनी 'स्त्री, चर्च आणि राज्यसंस्था' या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यात त्या म्हणतात की युरोपात चेटकीण म्हणून ज्यांना मारलं त्यांत औषधपाणी जाणणाऱ्या, शहाण्या, कोणाच्या धाकात नसलेल्या बायका होत्या, आणि त्यांना मारण्यात चर्चचा आणि सत्तेचा फायदा होता. त्यांनी दिलेले आकडे पुढच्या अभ्यासकांनी फार फुगलेले ठरवले. आज युरोपातल्या अशा मृत्यूंचा अंदाज ४० ते ६० हजारांचा आहे, आणि त्यांत बहुसंख्य बायकाच होत्या. आकडे चुकले तरी गेजबाईंनी विचारलेला प्रश्न चुकलेला नाही. चेटकीण आहे की नाही, हा तो प्रश्न नव्हे. हिला चेटकीण ठरवून कोणाचं काय साधलं, हा तो प्रश्न.

जावई मुलांना ज्या गोष्टी सांगतो त्या लिहून काढ, असा आग्रह याच सासूबाईंनी धरला होता. पुस्तक निघालं ते त्या गेल्यावर दोन वर्षांनी. त्यांचं बोलणं जावयाच्या कानात किती राहिलं असेल ते मी सांगू शकत नाही. पण पुस्तकात पुढे काय होतं ते पाहा. डोरोथीला घरी परत जायचंय, म्हणून ती ओझच्या महान जादूगाराकडे जाते. तो राजवाड्यात बसलेला. सगळे त्याला टरकून असतात. तो म्हणतो, आधी त्या पश्चिमेकडच्या चेटकिणीला मारून ये, मग बघू. आणि शेवटी डोरोथीचा कुत्रा पडदा पाडतो तेव्हा दिसतं की हा जादूगार एक टकला, सुरकुतलेला, अगदी साधा माणूस आहे. त्याला जादू येतच नाही. सगळं सोंग!

हे वाचताना मला आमचा भगत आठवला. बाईकडे बोट दाखवतो तो, आणि सोंगाडाही तोच. जादूची गोष्ट म्हणून मी जी पेटीबाहेर काढली असती तिच्यात भगताचा पडदा उघडून दाखवला होता. आमच्या प्रबोधनाच्या तक्त्यांना जे जमलं नव्हतं ते या गोष्टीने केलं होतं. आणि आपल्याला घरी पोचवणारी शक्ती डोरोथीच्या पायांतल्या चंदेरी बुटांत पहिल्यापासून होतीच, हे तर आणखीनच.

पण मैत्रिणींनो, एवढ्यावर थांबले तर मी तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. हाच बॉम ओझ लिहिण्याच्या दहा वर्षं आधी साउथ डकोटात एक साप्ताहिक चालवत होता. बायकांना मताधिकार मिळावा म्हणून तो त्यात लिहायचा. तिथल्या मताधिकार मंडळाचा तो चिटणीस होता. आणि त्याच साप्ताहिकात, डिसेंबर १८९० आणि जानेवारी १८९१ मध्ये, त्याने तिथल्या आदिवासींना समूळ नष्ट करावं असे अग्रलेख लिहिले. दुसरा अग्रलेख तर वुंडेड नी इथे सैन्याने लाकोटा बायका-मुलांची कत्तल केल्यानंतरचा. त्याच्या सासूला पुढे मोहॉक आदिवासींनी आपल्या कुळात मानाने दत्तक घेतलं, आणि जावई हे लिहून बसला होता. त्याच्या ओझमधली म्हातारी डोरोथीला सांगते की सुधारलेल्या देशांत चेटकिणी उरल्या नाहीत, आमचा देश सुधारलेला नाही म्हणून इथे अजून आहेत. त्या वाक्याशी मी बराच वेळ थांबले. सुधारणा कोणाला कशी संपवते ते या माणसाला कळत होतं आणि कळत नव्हतं.

मी आदिवासी पाड्यावर काम करते, आणि मी तिथली नाही. एम.एस.डब्ल्यू. करून पुण्याहून आलेली. म्हणून हे मला जास्त लागलं. बायकांच्या बाजूचा असलेला माणूससुद्धा दुसऱ्या कोणाला माणसातून काढून टाकू शकतो. 'डाकीण ही आदिवासींची अंधश्रद्धा' असं म्हणताना आपणही थोडंसं तेच करत असतो. ठाणे-पालघरकडे 'भुताळी' म्हणतात, झारखंडमध्ये 'डायन'. आणि शहरात? भांडणाऱ्या शेजारणीला, सुनेला जाच करणाऱ्या सासूला, लग्न न केलेल्या बाईला आपण काय म्हणतो? चेटकीण, कैदाशीण, हडळ. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' मी भाच्याला घेऊन पाहिलं. त्यातल्या चिंची चेटकिणीला सगळं थिएटर हसत होतं आणि मीही पोट धरून हसले. ती भूमिका पूर्वी दिलीप प्रभावळकर करायचे, पुढच्या प्रयोगांत वैभव मांगलेंनी केली. दोघेही पुरुष. त्यामुळे हसू मोकळं होतं, कोणा बाईच्या अंगावर ते पडत नाही. ते नाटक मला आवडतं आणि आवडत राहील. पण नाल्यापलीकडे कोणीच सोंग घेतलेलं नव्हतं.

आता आपल्याकडची एक गोष्ट आठवा. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणारी म्हातारी. तीही म्हातारी, तीही एकटी, तीही जंगलात. वाघ-कोल्हे खायला टपलेले, आणि ही त्यांना झुकांडी देऊन निघून जाते. मराठी मुलांची पहिली साहसकथा ही आहे, आणि तिची नायिका एक दात पडलेली बाई! लहानपणी ऐकताना कधी जाणवलं होतं का आपल्याला? मला तरी नाही. एकीकडे हीच म्हातारी भट्टीत जाते, दुसरीकडे भोपळ्यातून सुखरूप घरी पोचते. मग फरक कशात? मला जो दिसला तो असा. भोपळ्यातल्या म्हातारीला लेक आहे. कोणीतरी तिला तूप-रोटी खाऊ घालतं, कोणीतरी तिची वाट पाहतं. चेटकिणीला गोष्टीत लेक नसते. तिची वाट पाहणारं कोणी नसतं. म्हणून तिला ढकलायला सोपं जातं. पाड्यावरही असंच. मुलगे, जावई, भाऊ पाठीशी असलेल्या बाईकडे भगताचं बोट सहसा वळत नाही.

ज्येष्ठ ताईंच्या आक्षेपाला माझं उत्तर आता असं आहे. गोष्टीतली जादू आणि भगताची जादू एक नव्हे. गोष्ट 'आटपाट नगर' म्हणून दार उघडते आणि शेवटी दार लावून घेते. पोराला पक्कं ठाऊक असतं की आपण खेळात आहोत. भगताची जादू दार लावत नाही. ती पैसे मागते, कोंबडं मागते, जमीन मागते. ज्या पोराला खेळातली जादू नीट कळली आहे, ते दुसरीला प्रश्न विचारायची शक्यता जास्त. कमी नव्हे.

कायदा हवाच. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, ५ ते ५० हजार रुपये दंड. बिहारने १९९९ मध्ये, झारखंडने २००१ मध्ये, छत्तीसगडने २००५ मध्ये असे कायदे केले. तरीही झारखंडच्या छुटनी महतोंना आणि आसामच्या बिरुबाला राभांना गावोगाव हिंडावं लागलं. छुटनीदेवींना स्वतःलाच डायन ठरवून गावाबाहेर काढलं होतं. पुढे त्यांनी अशा कित्येक बायकांना वाचवलं. दोघींना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बिरुबाला २०२४ मध्ये गेल्या. साहसकथा म्हणतात ती याहून वेगळी काय असते? पण मुलांच्या पुस्तकांत त्यांच्या गोष्टी आपण किती पाहतो? कायदा बाईवर बोट उठल्यानंतर धावून येतो. गोष्ट तर पाचव्या वर्षी येते, बोट उठायच्या कितीतरी आधी.

पेटीत सगळी पुस्तकं परत गेली. मात्र गोष्ट संपली की आता आम्ही प्रश्न विचारतो. मीही विचारते, मुलंही विचारतात. ते खाऊचं घर कोणाचं होतं? म्हातारीला न विचारता त्याची भिंत कोणी खाल्ली? ती चेटकीण आहे हे आपल्याला कोणी सांगितलं? ती गेल्यावर तिचे दागिने कोण घेऊन गेलं? या शेवटच्या प्रश्नाला एका गुरुवारी त्याच तिसरीतल्या मुलाने उत्तर दिलं. आता तो पाचवीत आहे. म्हणाला, "ज्यांना पाहिजे होते, त्यांनी." मग थोडं थांबून म्हणाला, "मावशीचं शेत पण पाहिजे आहे." त्याने 'डाकीण' म्हटलं नाही. 'मावशी' म्हटलं.

त्या मावशीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. पोलीस पाटील, सरपंच, दोन्हीकडची माणसं बसवून बैठका झाल्या. गटातल्या बायका, ज्या मला काही बोलल्या नव्हत्या, त्यांतल्या सहा जणी तिच्या बाजूला येऊन बसल्या. सातबाऱ्यावर तिचं नाव कायम आहे. पुतण्या तिच्याशी बोलत नाही. तिच्या घरचं पाणी अजूनही फारसं कोणी पीत नाही. पुस्तकपेटी तिच्या ओट्यावर ठेवावी असं मी उत्साहाने सुचवलं, तेव्हा तिने हात जोडले. "नको पोरी. उद्या एखादं लेकरू आजारी पडलं तर तुझ्या पेटीवर येईल, आणि माझ्यावर पण." मला वाटलं होतं ही गोष्टीचा शेवट गोड करील. तिला तिचं जंगल माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

किल्लीवाली मुलगी यंदा नववीत गेली. तालुक्याच्या वसतिगृहात राहते. बसने एकटी जाते आणि सुट्टीत परत येते.

तेव्हा मैत्रिणींनो, मुलांच्या पुस्तकांतून जादू काढून टाकू नका. आपल्या मुलींना जंगलात जाऊ द्या, निदान गोष्टीत तरी. आणि चेटकीण आली की घाईने भट्टीचं दार लावू नका. मुलांना जरा थांबवा, तिचं नाव विचारा, तिचं घर कोणाला हवं आहे ते विचारा. तुमच्या आजीने, सासूने, वस्तीतल्या कोणी म्हातारीने सांगितलेल्या अशा गोष्टी असतील, जिच्यात एकटी बाई सुखरूप घरी पोचते, तर त्या लिहून पाठवा. आमच्या पेटीत अजून बरीच जागा आहे.